यमुनाबाईंची सावड

भात पिवळं पडू लागलं की मी मागची खिडकी लावून घेतो. घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला कुसळांच्या धुळीचा त्रास होतो. मीही तसंच वाटू दिलं आहे. शहापुरात आमच्या इमारतीमागे आता दोन-चार खाचरंच उरली आहेत, पण दसरा सरला की ती पिकतात. सकाळी दवाने भिजलेल्या पेंढ्याचा वास येतो. दुपारी ऊन चढलं की तोच वास भाजल्यासारखा कोरडा होतो. बंद खिडकीच्या फटीतूनही तो आत येतोच.

आवणीचं, म्हणजे भातलावणीचं, कौतुक सगळेच करतात. चिखल, गाणी, डोक्यावरची इरली. कापणीचं कौतुक फारसं कोणी करत नाही, कारण कापणीच्या पोटात धाक असतो. पिकलेलं भात माणसाची वाट बघत नाही. दाणा गळतो, रोप आडवं होतं आणि एखादी चुकार सर आली की उभ्या लोंबीला मोड फुटतात. मुरबाड-शहापूरच्या पट्ट्यात त्या दिवसांत माणसं भराभर चालतात आणि थोडकं बोलतात. हातापायांना कुसळं चावतात, मान भाजते. बांधावर भाकरी, सुकटीची चटणी आणि कोरा चहा. कापलेल्या भाताचे कडपे सुकायला पसरायचे, संध्याकाळी आभाळाकडे बघायचं, सकाळी भारे बांधून खळ्यावर न्यायचे. एका घराच्या हातांनी हे आटपत नाही. म्हणून सावड. आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या शेतात. मजुरी नाही. दिवसाला दिवस. ज्याने दिवस परत केला नाही, त्याच्या बांधावर पुढच्या वर्षी कोणी पाऊल टाकत नाही. एवढाच कायदा, आणि तो सगळ्यांना पाठ.

मला तो पाठ नव्हता. मी शहापूर गावातला, मास्तरांच्या घरातला. शेत बघितलं ते एसटीच्या खिडकीतून.

नव्वदच्या दशकात मी मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होतो. आम्ही कुकरचे दांडे आणि झाकणांच्या मुठी बनवायचो. काळी पावडर तापवून प्रेसच्या साच्यात दाबायची. ती पावडर कामगारांच्या नाकात, भाकरीत, बायकांच्या केसांत. कामगार बहुतेक आसपासच्या गावांतले शेतकरी. त्यामुळे कापणी आली की प्रेसवर माणूस दिसत नसे. सुट्टीची कारणं ऐकून माझी करमणूक व्हायची. गणपत नावाचा एक ऑपरेटर होता. त्याची आजी दर कापणीला वारायची.

"अरे, गेल्या वर्षीही आजीच गेली होती ना?"

"ती आईची आई, साहेब."

"आणि त्याच्या आधी?"

"ती बापाची आई."

"मग ही कोण?"

गणपतने मान खाजवली. "ही चुलत."

त्या आज्यांना कंटाळून मी 'कापणीची सवलत' काढली. कापणीच्या दिवसांत कामगारांनी आपसांत पाळी बदलून घ्यावी, हवं तर अर्धा दिवस यावं, भरपाई पुढे सुट्टीच्या दिवशी करावी. पॅकिंगमधल्या कंत्राटी बायकांनी सगळे दिवस घरी राहिलं तरी त्यांची जागा जाणार नाही. आज यालाच मोठमोठी नावं आहेत. तेव्हा आमच्या मॅनेजरनी कपाळाला हात लावला होता, पण त्या वर्षी प्रेस बंद पडले नाहीत आणि गणपतची चुलत आजी वाचली. मुंबईच्या ऑफिसला हे इतकं आवडलं की त्यांनी सांगितलं, गावासाठीही काहीतरी करा. मी केलं. एका रविवारी ऑफिसातली सगळी माणसं टेम्पोत घातली आणि टोकावड्याच्या अलीकडे एका वाडीत यमुनाबाईंच्या शेतावर कापणीला नेली.

यमुनाबाई आमच्याच पॅकिंगमध्ये कंत्राटावर होत्या. चाळिशीची, उंच, तोंडाची फटकळ बाई. आम्ही एकसारख्या पांढऱ्या टोप्या घालून त्यांच्या खाचरात उतरलो तेव्हा त्या बांधावर उभ्या राहून हसत सुटल्या.

"साहेब, भात कापताय का त्याची हजामत करताय? खालून धरा, खालून! त्याच्या शेंडीला काय लटकताय?"

अकाउंटंटचं बोट कापलं. त्यावर त्यांनी कसलासा पाला चुरडून बांधला. सोबत आणलेल्या फोटोवाल्याने तो फोटो काढला. दुपारी सगळ्यांना तांदळाची भाकरी मिळाली. टेम्पोत बसताना आम्ही स्वतःवर खूष होतो.

पुढच्या रविवारी सकाळी वॉचमनचा घरी फोन आला. "साहेब, गेटवर मोर्चा आलाय. पंचवीस-तीस माणसं. पण घोषणा देत नायत. नुसती बसलीत."

मी किन्हवलीमार्गे स्कूटर पळवत गेलो. गेटबाहेर वाडीतली बायामाणसं सावलीला बसलेली. डोक्याला फडकी, पदर खोचलेले, फडक्यात भाकऱ्या. पुढे यमुनाबाई.

"काय झालं?"

"काय व्हयाचंय? फेडाया आलो."

"काय फेडायला?"

"सावड. तुमची मानसं आमच्या शेतात राबली. आता आमची मानसं तुमच्याकडं. सांगा काम."

मी हसलो. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू गळून पडलं. आम्ही केलेला समारंभ त्यांनी कर्ज म्हणून घेतला होता. माझ्या आयुष्यातल्या फार थोड्या प्रसंगांनी मला असं जागच्या जागी उभं केलं आहे. त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. 'बाई, ती सावड नव्हती, आम्ही तुमच्याकडून शिकायला आलो होतो, तुमचं काही देणं नाही.' वाक्य जिभेवर होतं. मी मॅनेजरना फोन लावला. ते म्हणाले, "आलीत ना? मग ट्रक भरून घ्या. आवारही साफ होऊन जाईल."

ट्रक भरून झाला. आवार आरशासारखं झालं. दुसऱ्या वर्षी आमच्या माणसांनी पुन्हा टोप्या घातल्या, पुन्हा तासभर कापणी केली, आणि पुन्हा वाडी दिवसभर राबून गेली. तासाला दिवस. मुंबईला मी कळवलं ते 'लोकसहभाग' म्हणून. तिसऱ्या वर्षापर्यंत मला त्यात वावगं वाटेनासं झालं होतं.

गेल्या महिन्यात सूनबाई, मेधा, सुट्टीला आली होती. ती ठाण्याच्या एका मोठ्या कंपनीत एचआरमध्ये आहे. जेवताना ती सहज म्हणाली, "बाबा, मी ट्रेनिंगमध्ये तुमचं उदाहरण देते. सगळ्यांना फार आवडतं."

"कसलं?"

"तुमच्या कापणीच्या सवलतीचं. संप झाला, तेव्हा ज्या गावासाठी कंपनीने एवढं केलं, ते गाव स्वतःहून आलं आणि त्यांनी कारखाना वाचवला. मी सांगते, याला म्हणतात विश्वास."

घास माझ्या हातातच राहिला. हे तिला कोणी सांगितलं? मीच. तिच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी, असाच जेवायला बसलेलो असताना, रंगवून. 'स्वतःहून' हा शब्दही माझाच. खोटं बोललो होतो हे मला माहीत होतं. ते परक्या मुलांच्या वह्यांत धडा होऊन उतरत असेल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं. मी पाणी प्यायलो आणि उठलो. मेधाने विचारलं, "तिखट लागलं का?"

तर आता संपाचं.

प्रकाश हा आमचा सगळ्यात चांगला प्रेस ऑपरेटर. आसनगावजवळच्या बौद्धवाड्यातला, तिशीच्या आतला. रोज इतक्या लांबून यायचा. पावसात गाडी चुकली की यमुनाबाईंच्या घरी राहायचा. त्यांना तो मावशी म्हणायचा. त्याचं ताट घरात वाढायला सासूने सुरुवातीला कुरकुर केली होती. यमुनाबाईंनी सासूला सांगितलं होतं, "तुमाला चालत नसंल तर तुमी पडवीत जेवा." हे मला खुद्द प्रकाशने हसत सांगितलं होतं.

त्या तिसऱ्या वर्षीच्या कापणीत प्रकाशने कामगारांना गेटवर बसवलं. मागण्या दोन. पावडर खेचून बाहेर टाकणारे पंखे बसवा, आणि कंत्राटी बायकांना कायम करा. दोन्ही रास्त होत्या. त्या काळ्या धुळीने खोकणारी माणसं मी रोज बघत होतो. पण आत भरलेला माल उभा होता, तो वेळेवर गेला नसता तर मालकांना वाकावं लागलं असतं आणि मग मागण्या मान्य झाल्या असत्या. सगळं त्या मालावर अडलेलं. वाडीतल्या बायका अजून गेटवर आल्या नव्हत्या, कारण त्या माझ्या सवलतीवर शेतात होत्या.

मॅनेजर म्हणाले, "तुमची ती सावड की काय, यंदाची झाली?"

नव्हती झाली. आमची टोप्यांची फेरी आधीच्या रविवारी झाली होती. फेड बाकी होती. ते पुढे काहीच बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती. मी स्कूटरला किक मारली.

यमुनाबाई भारे बांधत होत्या. पेंढ्याचा पीळ देऊन त्याची गाठ गुडघ्याखाली आवळत होत्या. मी बांधावरूनच म्हणालो, "यमुनाबाई, यंदाची सावड राहिली आहे. उद्या याल का? ट्रक भरायचाय."

त्यांनी वर पाहिलं. "उद्या? साहेब, पोरं गेटावं बसलीत. प्रकाश बसलाय."

"संप वेगळा, सावड वेगळी."

हे वाक्य मी वाटेतच तयार केलं होतं. त्यांनी त्याचा विचार केला. खरोखर विचार केला, मला दिसत होतं. त्या बाईला माझ्यावर रागावताही आलं असतं. त्या म्हणाल्या, "ता बी खरं. देणं डोक्यावं ठेवून कुनाच्या बाजूला बसायचं? येतो."

आणि आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडी रांगेने गेटमधून आत गेली. बाहेर बसलेल्यांत कोणाचे भाचे होते, कोणाचे पुतणे. गणपत उठून उभा राहिला आणि ओरडला, "काकू, कुठं चाललीस गो? आमी तुमच्यासाठी बसलोय!" पुढे यमुनाबाई होत्या. त्या प्रकाशजवळ थांबल्या, खाली वाकून काहीतरी बोलल्या आणि आत आल्या. मी ऑफिसच्या काचेमागे होतो. शब्द ऐकू आले नाहीत. प्रकाशचा चेहरा दिसला. तो मी आजवर पुसू शकलेलो नाही.

दुपारी ट्रक गेला. ट्रक गेला तसा संपातला जीव गेला. संध्याकाळपर्यंत माणसं एकेक करून उठली. प्रकाशला आणि आणखी चौघांना परत घेतलं नाही. पंखे बसले नाहीत. बायका कंत्राटीच राहिल्या, यमुनाबाईसुद्धा.

दोन दिवसांत गावोगाव बोललं जाऊ लागलं की वाडीला कंपनीने साखरेची पोती दिली, यमुनाबाईंना पैठणी दिली. पैठणी! त्या बाईने पुढे दिवाळीलाही जुनंच लुगडं नेसलेलं मी पाहिलं. ती अफवा माझ्या टेबलापर्यंत आली. मी फक्त 'तसं काही नाही, मीच बोलावलं होतं' म्हणायचा अवकाश होता. पण मग प्रश्न आला असता, का बोलावलंत? मी गप्प राहिलो. अफवा मला सोयीची होती. तिच्यामागे मी दिसत नव्हतो. वाडीतल्या बाकीच्या लोकांनी हळूहळू सांगून टाकलं की आम्हाला यमुनाने नेलं. सगळा दोष एका दारात जाऊन थांबला.

पुढच्या वर्षी कापणीच्या दिवसांत एका कामासाठी माळशेजकडे जाणाऱ्या एसटीत बसलो होतो. खिडकीची जागा मिळाली. टोकावड्याच्या अलीकडे दोन्ही बाजूंची खाचरं कापून झालेली, धसकटांवर बगळे हिंडत होते. आणि मधे एकच शेत उभं. उभं कसलं, आडवं झालेलं. लोंब्या चिखलात टेकलेल्या, त्यांवर पाखरांचे थवे, आणि त्या सगळ्यात दोनच डोकी. यमुनाबाई आणि त्यांचा नवरा. एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला तो. शेजारच्या बांधावरून माणसं विळे घेऊन घरी चालली होती आणि एकही मान तिकडे वळत नव्हती. मी मारहाण पाहिली आहे, अपघात पाहिले आहेत. माणसाला एवढं एकटं टाकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. कंडक्टरला घंटा मारायला सांगण्यासाठी माझा हात वर गेला. तो मी दांडीवर ठेवला. बस पुढे गेली.

नव्या शतकात कारखाना बंद पडला, यंत्रं दुसऱ्या राज्यात गेली. मला त्याआधीच निवृत्तीचा शाल-नारळ मिळाला होता. भाषणात कापणीच्या सवलतीचा उल्लेख झाला, टाळ्या झाल्या.

सवलत वाईट होती का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. नव्हती. त्या दिवसांत किती घरांचं भात वेळेवर खळ्यावर आलं ते मी जाणतो. पण ती देताना आपण कोणाला देतोय, आणि घेणारा ती कशी घेतोय, हे मी विचारलं नाही. आम्हाला वाटलं, आपण दिलं की विषय संपला. त्यांच्याकडे दिलेलं कधी संपत नाही, ते परत चालत येतं. हे कळल्यावर तरी मी लाजायला हवं होतं. मी त्याचा उपयोग केला.

मेधा परत गेली त्याच आठवड्यात मी रिक्षा करून वाडीला गेलो. यमुनाबाई ओट्यावर बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, पाठीला बाक. नवरा मागेच गेला. मला त्यांनी लगेच ओळखलं.

"या साहेब. जिते हाव अजून?"

मी सगळं बोललो. तयारी करून गेलो होतो, तरी अडखळलो. त्यांनी सुपातला तांदूळ निवडत ऐकलं. मग म्हणाल्या, "मला काय सांगता? मी व्हतेच की तिथं. ज्याला ठावं नाय त्याला सांगा."

"लोक शेतावर येतात आता?"

त्या हसल्या. "आता कोन कुनाच्या शेतावं जातंय? मशीन येतं. भाडं मोजलं की कापून देतं. मशीन पयल्यांदा आलं ना साहेब, सगळा गाव हळहळला, सावड गेली म्हनून. मी एकटी खूष. मशीनला कोनी सांगितलं नवतं, हिच्या शेतात जाऊ नको म्हनून."

आणि त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

मग मी प्रकाशकडे गेलो. त्याचं घर आसनगावला स्टेशनपासून थोडं आत आहे. आमच्याकडून गेल्यावर त्याने कल्याणपुढे कुठेकुठे नोकऱ्या केल्या. आता सुटलेलं पोट, चष्मा, पावडरीचा खोकला तसाच. त्याने मला बसायला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. मी सांगत गेलो. सावड काय होती, मी कसा बांधावर गेलो, काय म्हणालो. मी थांबल्यावर तो म्हणाला, "साहेब, मावशी त्या दिवशी गेटवर मला काय म्हणाली, ते माहीत आहे तुम्हाला?"

"नाही. त्यांनी सांगितलं नाही."

"म्हणाली, 'प्रकाश, आजचा दिवस फेडू दे. उद्यापासून तुझ्या बाजूला बसते, उठवलं तरी उठायची नाय.' मी तिला म्हटलं, येऊ नको. लोक मला म्हणाले, बघ तुझी मावशी, वेळ आली तेव्हा स्वतःच्या जातीच्या माणसांत गेली. मलाही तेच वाटलं. पुढे साखरेचं ऐकलं तेव्हा वाटलं, साखर घेऊन वर ही बाई माझी थट्टा करून गेली." तो थांबला. "ती खरंच येणार होती."

त्याने चष्मा काढला. उद्या उरलाच नव्हता. मी तो दुपारीच ट्रकमध्ये भरून पाठवला होता. हे मला त्या खुर्चीत बसून, इतक्या वर्षांनी, पहिल्यांदा कळलं.

"हे छापून आणा," तो म्हणाला. "तोंडी सांगितलेलं या घरात राहील. तिकडे अजून बोलतात."

म्हणून हे छापायला देतो आहे. यमुनाबाईंनी साखर घेतली नाही, लुगडं घेतलं नाही, एक पैसा घेतला नाही. त्या संप फोडायला आल्या नव्हत्या. जे देणं त्यांच्यावर नव्हतंच, ते आहे असं मी त्यांना वाटू दिलं आणि नेमक्या त्या दिवशी मागितलं. संप मी फोडला.

प्रकाशने त्याच दिवशी चपला घातल्या. आम्ही वाडीला पोचलो तेव्हा यमुनाबाई घरामागच्या खाचरात होत्या. तिथे चिखल राहतो म्हणून मशीन शिरत नाही. तेवढा तुकडा अजून हाताने कापावा लागतो. सून कापत होती, त्या बसून पेंढ्याचे बंध वळत होत्या. प्रकाश बांधावर उभा राहिला. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कोन रे? प्रकाश? केवढा फुगलास!"

"मावशी, विळा दे."

"वाकता येतंय का त्या पोटानं?"

"येतंय."

"मंग उतर. चपला काढ आधी, साहेबासारखा चपला घालून उतरू नको."

तो उतरला. पहिली मूठ त्याने खालून धरली आणि कापली. यमुनाबाई बंध वळत राहिल्या आणि पदराने नाक पुसत राहिल्या.

मी बांधावर एकटाच उभा होतो. मग मीही चपला काढून उतरलो आणि बांधून ठेवलेला एक भारा उचलायला वाकलो. यमुनाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि भारा माझ्या हातांतून काढून घेतला. रागाने नाही. एखाद्या मुलाच्या हातातून विळा काढून घ्यावा, तसा.

"ऱ्हाऊ द्या साहेब. तुमचं नको. फेडाया मला आता जमायचं नाय."